दारावरचे हत्ती

सदाशिव गेल्याची बातमी मला बोईसरला, क्वार्टर्सच्या पायावर उभा असताना कळली. वाणगावहून आलेल्या मुकादमाने ती सांगितली आणि त्याच दमात विचारलं, "साहेब, आज काँक्रीट टाकायचं ना?" टाका म्हटलं. त्याला आता महिना झाला. पेपरातल्या अशा लेखात गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहायचं असतं... पण मी त्याचा पंधरा वर्षांचा भागीदार, मला ते जमणार नाही. आणि या गोष्टीत माझं तोंड त्याच्याहून काळं आहे.

पालघर स्टेशनसमोर किराणा दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक ड्रॉइंग बोर्ड. तारापूरचा अणुप्रकल्प आला तशी क्वार्टर्सची कामं मिळू लागली, ती पोटासाठी. सदाशिवचा जीव जुन्या देवळांत, विहिरींत. चुना खड्ड्यात महिनाभर भिजल्याशिवाय भिंतीला लावायचा नाही, हा त्याचा कायदा. चिमूटभर घेऊन बोटांत चोळायचा आणि कचकच लागली की गवंड्याला सगळ्यांदेखत म्हणायचा, "हा तुझ्या बापाच्या घराला लाव." गवंडी चळाचळा कापायचे. मला मजा वाटायची.

केळव्याजवळच्या एका गावात देवीच्या देवळाचं काम निघालं. दारावर चुन्यात घडवलेली हत्तींची रांग होती. गवंडी पदू, साठीचा. त्याच्याइतका चुना जाणणारा आमच्या भागात दुसरा नव्हता. ऐन कामात सदाशिव टायफॉइडने आडवा झाला. नवरात्र आठवड्यावर, गावकरी डोक्यावर बसलेले आणि चुना अजून कच्चा. मी सिमेंट आणवलं.

"साएब, जुनी भित हाय," पदू म्हणाला. "सिमिट मारलात तर आतली वल आतच ऱ्हाईल."

"सांगतो तेवढं कर," मी खेकसलो. त्याने केलं.

पुढच्या पावसाळ्यात ओल अडकून गिलावा सुटला, तो हत्तींना घेऊनच खाली आला. सदाशिवने सगळ्या गावासमोर पदूला विचारलं, सिमेंट कुणी लावलं? पदूने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून एका हत्तीचा तुकडा उचलला आणि तोच निरखत राहिलो.

"मीच लावलं," पदू म्हणाला. हात त्याचाच होता, ते खरंच.

सदाशिवने त्याची थापी विहिरीत भिरकावली. "या हातांनी पुन्हा देऊळ शिवू नकोस." त्यानंतर पदूला या पट्ट्यात कुणी गोठ्याच्या भिंतीलाही बोलावलं नाही.

शेवटच्या आजारात सदाशिवच्या उशाशी बसून मी सगळं कबूल केलं. तो हसला. "अरे, मला तेव्हाच कळलं होतं. सिमेंटच्या परमिटवर सही तुझी होती. पण तुला हाकलला असता तर ऑफिस कुणी चालवलं असतं? गवंडी काय, मिळतात." ...मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर, घरी गेल्यावर वाटली.

परवा पदू ऑफिसात आला. सदाशिवचा चष्मा अजून टेबलावर तसाच आहे. त्याच्याकडे बघत तो उभा राहिला.

"साएबांचा राग गेलता का वो?"

"पदू, सिमेंट मी आणवलं होतं," मी म्हणालो. "ते त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशीसुद्धा."

चष्म्यावरची नजर काढून त्याने माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमी दोगं बोललात का नाय?"

मी म्हटलं, "मी पेपरात लिहीन. चूक माझी होती असं, तुझं नाव घालून."

"लिवा," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात चष्म्याशेजारी टेबलावर ठेवले. "आता ह्यांना थापी धरवत नाय."