एका बाकाच्या सावल्या
२०१९ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो. आज नातीने पेन्सिलीला टोक केलं, ओल्या लाकडासारखा तो वास आला आणि अमेरिकेतल्या एडिसन गावाजवळच्या एका जुन्या स्टेशनची वेटिंग रूम डोळ्यांसमोर उभी राहिली. तेव्हा मुलाने मला तिथल्या चित्रांच्या क्लासला घातलं होतं, आणि त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना तिथे बसून चित्र काढायला नेलं होतं. उंच खिडक्या, बसून बसून गुळगुळीत झालेले बाक, फरशीवर उन्हाचे चौकोन. बाकीच्यांनी फोनवर फोटो काढले आणि त्यात बघून चित्रं उरकली. मी मात्र सकाळपासून दुपारपर्यंत एका बाकाकडेच बघत, चित्र काढत बसलो. बाईंनी माझा कागद उचलला. "काका, पर्स्पेक्टिव्ह मस्त जमलंय, सगळ्या रेघा बरोबर लांबच्या दारात जाऊन मिळतात. पण एका बाकाला दोन सावल्या? एक इरेज करा, नाहीतर प्रदर्शनात नाही लावता येणार." मी म्हणालो, "बसलो तेव्हा सावली डावीकडे होती, उठलो तेव्हा उजवीकडे. यातली खोटी कुठली ते सांगा, ती पुसतो." मला न्यायला आलेला मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, पुसा ना, काय इश्यू आहे?" मी चौथीपर्यंतच शिकलो, पण डोळ्यांनी पाहिलेलं पुसायला मला कुणी शिकवलं नाही. चित्र प्रदर्शनात लागलं नाही. ते आज माझ्या पलंगासमोर टांगलंय. बाईंनी पुसायला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वेटिंग रूम उघडल्या उघडल्या मी एकटाच तिथे गेलो, त्याच बाकासमोर बसलो आणि त्याच कागदावर त्याची तिसरी सावली काढली.