मागच्या सीटवरचा ‘हव’

जगातल्या प्रत्येक भांडणाचं, लग्नाचं आणि फसलेल्या भाजीचं मूळ पेशीच्या पृष्ठभागावर सापडतं, असं मानणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात एकच होता आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी रायपूरच्या मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. राज्य नवीन झालं, जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय थाटलं गेलं, तिथे मला नोकरी लागली आणि मी बूढापारा मोहल्ल्यात त्यांच्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी भाऊजींनी माझ्या पोह्यांवर तिखटजाळ लाल तर्री ओतली आणि म्हणाले, "बिना तर्रीचे पोहे खाशील का तू? नाही ना? पांढऱ्या पेशीचंही तसंच असते. रक्तातले पूरक प्रथिनं जंतूले तर्री लावतात. पेशीच्या अंगावर त्या तर्रीची चव ओळखणारे रिसेप्टर असतात. चव लागली का गिळलाच त्याले!" मी बशी बाजूला सारली. ताई म्हणाली, "खाऊन घे वं. मी तर लग्नाच्या पंगतीपासून हेच ऐकून राहिली."

त्यांची खरी लाडकी मात्र तांबडी पेशी. ती बिचारी स्वतः काही खात नाही. तर्री लागलेला कचरा तिच्या रिसेप्टरला धरून बसतो, ती त्याला यकृतापर्यंत पोहोचवते आणि रिकाम्या पाठीने पुन्हा फेरीला निघते. भाऊजींना हे इतकं पटलेलं की त्यांची स्कूटरही याच तत्त्वावर चाले. मागची सीट रिकामी दिसली की त्यांना चैन पडत नसे. रस्त्यात दिसेल त्याला "बसा भैया" म्हणत, त्याच्या दारापर्यंत सोडत आणि स्वतः कॉलेजात उशिरा पोहोचत.

एकदा ताई-भाऊजी लग्नाला निघाले होते. सदर बाजारात ताई आहेराचं पाकीट घ्यायला उतरली. भाऊजी स्कूटर चालूच ठेवून रिसेप्टरवर बोलत होते. खेड्यावरून आलेल्या एका म्हातारेबुवांना वाटलं, हा भला माणूस आपल्यालाच बोलावतोय. ते बसले. मागे वजन आलं तसे भाऊजी निघाले. तेलीबांध्यापर्यंत ते बोलत राहिले आणि मागून प्रत्येक वाक्याला "हव" येत राहिलं. छत्तीसगडीत हव म्हणजे हो. मंडपापाशी वळून बघतात तर मागे साडीऐवजी गमछा! भाऊजींनी बुवांना आग्रहाने जेवू घातलं, स्टेशनवर सोडलं आणि मग त्यांना बायको आठवली. सदर बाजारात एका सराफाच्या पायरीवर ताटकळलेल्या ताईने एवढंच विचारलं, "आवाजही नाही ओळखला?"

"आवाज वेगळा वाटला नं. पण तू आज माझ्या हो ला हो करून राहिली, याच आनंदात होतो मी."

काही वर्षांनी ताईच्या गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले. ल्युपस निघाला. या दुखण्यात शरीर स्वतःवरच उलटतं, तांबड्या पेशींवरचे ते रिसेप्टर कमी होतात आणि वाहून न्यायला कोणी उरलं नाही की कचरा मूत्रपिंडात साचत जातो. हे आम्हाला डॉक्टरांनी समजावलं, कारण भाऊजींनी जन्मात पहिल्यांदाच तोंड मिटलं होतं. इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. ताईची मूत्रपिंडं वाचतील की नाही, याशिवाय घरात दुसरा विषय नव्हता. स्कूटर आता कोणासाठी थांबत नसे. त्या मुक्या प्रवासाला शेवटी ताईच कंटाळली. पुढचं तिनेच मला हसत सांगितलं.

"बोला नं काहीतरी. तांबड्या पेशीचं सांगा."

"काय सांगू? तेच तर कमी पडून राहिलं तुह्या अंगात."

"तुम्ही नेऊन राहिले नं मले? मग सांगा."

भाऊजींनी घसा खाकरला, सुरुवात केली आणि मागून थेट त्या म्हातारेबुवांच्या सुरात आलं, "हव." मग हा प्रत्येक फेरीचा रिवाजच झाला. मूत्रपिंडं वाचली नाहीत. ताईही वाचली नाही. अजूनही तिच्या आठवणीने मला रडू येतं, आणि रडताना त्या ‘हव’चं हसूही येतं.

भाऊजी आता रिटायर झालेत. मागच्या सीटवर पुन्हा कोणीही बसतं. परवा मी बसले. तेलीबांध्याच्या तळ्याकाठून जाताना त्यांचं रिसेप्टरपुराण चालू होतं, पण प्रत्येक वाक्यानंतर ते जरा थांबत. मला वाटलं वय झालं, दम लागत असेल. थोडं पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी मागून म्हटलं, "हव."

भाऊजींनी वळून पाहिलं नाही. स्कूटर जराशी हळू केली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.