मंजुश्रीनं मरायचं नाकारलं

मंजुश्री आमच्या वडगावच्या गल्लीतली. वय बेचाळीस. आईबरोबर मागावर साड्या विणत मोठी झाली आणि गेली अठरा वर्षं नाटकांत, मालिकांत कामं करते. कामं म्हणजे गर्दीतली बाई, नर्स, लग्नातली मावशी. एका मालिकेत तर ती सलग पाच भाग प्रेत होती. "नाकावर माशी बसली, तरी हललो न्हाय आप्पा," असं मला अभिमानानं सांगत होती. गल्ली हसायची, तीही हसायची. पण पडद्यावर एकदा तरी आपला चेहरा मोठा दिसावा, एवढंच तिला हवं होतं. हे तिनं माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून स्वरूप नावाचा दिग्दर्शक आला. माझे माग विकल्यापासून शेड रिकामी होती, ती त्यानं चित्रीकरणासाठी घेतली. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून असायचो. सिनेमा भीतीचा होता. एका नटीला काम मिळत नाही. एके दिवशी तिच्या दंडातून लाल धागा बाहेर येतो. ती ओढते, तशी कातडीच उसवत जाते. शेवटी जमिनीवर नुसता धाग्यांचा ढीग उरतो. ही नटी मंजुश्री होणार होती. चेहरा मोठा दिसणार होता.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी आरोही नावाच्या मेकअपच्या मुलीनं चार तास खपून तिच्या गालांवर, मानेवर आणि हातांवर रबराची कातडी चिकटवली, आत धागे बसवले. माझ्यानं बघवेना.

कॅमेरा सुरू झाला. मंजुश्रीनं धागा ओढला, किंकाळी फोडली. धागा तुटला. आणि तिनं काय करावं? दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारली!

"कट! मॅडम, हे काय?"

"चुकलं सर. हात आपोआप गेला."

मागावर तुटका धागा दिसला की तो जोडल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही आमची लहानपणापासूनची शिस्त. जेवायची हाक आली तरी आधी धागा. खोटं कशाला सांगू, माझीही बोटं वळवळली होती.

दुसऱ्यांदा तेच झालं. सगळे हसले. तिसऱ्यांदा धागा तुटला तेव्हा ती थांबली, त्याच्याकडं बघत राहिली. मग सावकाश, मुद्दाम गाठ मारली.

स्वरूप भडकला. "तुम्हाला उसवायचंय! टेलरिंगचा क्लास नाही हा!"

"टेलर न्हवं सर, विणकर. तुटलेला धागा कोण तसाच सोडंल व्हय?"

"ही बाई सोडते. तिला काम नाही, ती संपलीय. कळतंय का? नसेल जमत तर उद्या पुण्याहून दुसरी बोलावतो."

मी कधी मध्ये बोलत नाही, पण तोंडून गेलंच. "मंजू, ऐक की गं त्यांचं."

"आप्पा, तुमीबी?" ती माझ्याकडं वळली. "काम मिळंना म्हणून कोण अशी ढीग होऊन पडत्या? मी पडलो काय कधी?"

मग ती स्वरूपला म्हणाली, "बोलवा दुसरी. पन आधी माझं एकदा घ्या. मग जातो मी."

कॅमेरावाला हळूच म्हणाला, "घेऊया सर. उजेड जातोय."

ती ओढत होती, किंचाळत होती, तुटलं की जोडत होती, उरलेलं टोक दातानं तोडत होती. हात, मान, गाल, सगळीकडं गाठीच गाठी. तशीच उठून तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. उसवणाऱ्या बाईपेक्षा ही जोडणारी बाई जास्त भयंकर दिसत होती. कट म्हणायला कुणाला सुचेना.

शेवटी स्वरूप म्हणाला, "ठेवीनच असं नाही. कापूही शकतो."

"कापा की. पन मेलेली मी तुमच्या कॅमेऱ्यात न्हाईच." आणि आरोहीपुढं हात करून म्हणाली, "काढ गं आता. लई खाजतंय."

दुसऱ्या दिवशी सामान टेम्पोत भरून ते गेले. पुण्याहून दुसरी कोणी आली नाही.