उजव्या खुर्चीतले कॅप्टन

कॅप्टन चहा उभ्यानेच प्यायचे. जेवतानाही मधेच उठून अंगणात एक फेरी मारून यायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांना बसवणं म्हणजे यजमानांची परीक्षाच. भात वाढून होईतो हे उठलेले असत आणि मांडवाचा खांब हलवून तो पक्का आहे का ते बघत असत. रामनगरच्या स्टँडवर बसला उशीर झाला की बाकीचे लोक कट्ट्यावर बसून गप्पा मारत आणि हे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहत. "सर, बसा की जरा," मी म्हणायची. "बसलो की पाठ बोलायला लागत्या," एवढंच उत्तर यायचं.

गावात त्यांना सगळे कॅप्टन म्हणत आणि त्यांना ते आवडत नसे. "मी क्याप्टन कवाच न्हवतो. क्याप्टन डावीकडं बसतो. मी उजव्या खुर्चीतला, कोपायलट." पण कोपायलट हा शब्द रामनगरच्या तोंडात बसला नाही, म्हणून ते कॅप्टनच राहिले. त्यांचे वडील जुन्या सुप्यातले लाकडाचे ठेकेदार. मुलगा हट्टाने मुंबईला जाऊन विमान चालवायला शिकला आणि पूर्वेकडच्या डोंगरांत मालाची विमानं उडवणाऱ्या एका कंपनीत लागला. तिथे काय झालं हे कुणाला ठाऊक नव्हतं. सत्तरच्या दशकात तो पाठीला पट्टा बांधून परत आला, एवढंच लोकांनी पाहिलेलं. पुढे धरणाच्या पाण्यात सुप्याचं घर गेलं, तेव्हा कॅप्टन आणि त्यांची बायको, आमच्या काकी, रामनगरात आले. तिथे त्यांनी टायपिंगचा क्लास काढला आणि एक जुनी जीप घेतली.

क्लास त्यांच्या पोटापाण्याचा होता, पण जीव जीपमध्ये. जगलबेट, जोयडा, कधी पार नंदिगड्डे, कुठूनही बसच्या कंडक्टरकडून निरोप येई: बाई अडली आहे, म्हाताऱ्याला धाप लागली आहे. कॅप्टन हातातला चहा तसाच ठेवून निघत. रानातल्या त्या वाड्यांना दुसरं वाहन नव्हतं.

मी त्या क्लासात आधी शिकले आणि मग तिथेच शिकवू लागले. ते मला नावाने हाक मारत नसत, "टीचर" म्हणत. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, टायपिंगला मुलं येईनाशी झाली होती, म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटर आणला. मुलांना शिकवायला आणलेल्या त्या यंत्रात बेंगळूरच्या पुतण्याने एक खेळही घालून दिला होता, विमान चालवायचा. संध्याकाळी मुलं गेली की कॅप्टन त्या पडद्यासमोर बसायचे. होय, बसायचे! पाठीमागे उशी, हातात विमान वळवायची दांडी, आणि अर्धा-पाऊण तास माणूस जागचा हलत नसे. काकी आतून येऊन दारातून बघून जायच्या. "बसलेत गे," त्या माझ्या कानात सांगायच्या, ताप उतरल्याची बातमी द्यावी तसं.

पण एकट्याने उडवणं त्यांना मान्य नव्हतं. "उजवीकडं कोण न्हाई, ह्ये कसलं विमान?" म्हणून उजवीकडच्या स्टुलावर मला बसवलं. वहीत मराठीत यादी लिहून दिली. मी वाचायचं, त्यांनी उत्तर द्यायचं.

"चाकं?"

"खाली. तीन हिरवे दिवे."

"पंखाचे फ्लॅप?"

"पूर्ण."

उंची ठरलेल्या आकड्याखाली गेली की मी "वर" म्हणायचं. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणायचं. तरीही ऐकलं नाही तर सरळ त्यांच्या हातातली दांडी ओढायची. हा तिसरा भाग मला कधी जमला नाही. ते मुद्दाम विमान झाडांत घालायचे आणि मी वही छातीशी धरून "सर... सर..." करत राहायची. विमान आपटलं की ते उठून फेऱ्या मारत. "सर सर काय? मी सर हाय म्हणून झाड बाजूला होतंय?" माझ्या घरात वडिलांच्या बोलण्यात आई कधी मधे बोलली नव्हती. मी कुठून शिकणार?

कधी ते गोव्याहून उडायचे आणि बेळगावच्या दिशेने यायचे, मधे आपला मुलूख लागेल म्हणून. त्या खेळात आपल्याकडे काहीच नव्हतं. काळी नदी नाही, धरण नाही, घाट नाही, नुसता हिरवा रंग पसरलेला. ते मान पुढे काढून त्या हिरव्यात शोधत राहायचे. "हितंच कुठंतरी सुपा," ते म्हणायचे आणि एक घिरटी घालायचे.

एका दिवाळीत पुतण्याने आणखी एक सीडी पाठवली. तिच्यात कोपायलट होता, म्हणजे त्याचा आवाज. मूळ खेळाला हे जोडलं की तो इंग्रजीत यादी वाचायचा, वेग सांगायचा, उंची सांगायचा, चूक झाली की टोकायचा. पुतण्याचं म्हणणं, याने अगदी खऱ्यासारखं वाटतं. माझं स्टूल मागे सरकलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला.

कॅप्टन आठवडाभर त्या आवाजाची परीक्षा घेत होते. विमान झाडांवर नेलं की तो लगेच ओरडे. दहा वेळा नेलं तर दहा वेळा, त्याच स्वरात. "चांगला हाय," ते म्हणायचे. उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. "चांगला हाय, पण खरं वाटतंय का, टीचर? सांग की. तू हुतीस तवा जास्त खरं वाटायचं का आता?"

"तो चुकत नाही, सर."

"त्येच तर. घाबरत बी न्हाई. शेजारचा माणूस घाबरला की आपल्याला कळतंय. ह्येचं काय कळत न्हाई." आणि पुन्हा फेऱ्या.

आता माझ्या हातात वही नव्हती. इतके महिने मी यादी आणि पडद्यावरचा उंचीचा आकडा बघत होते, आता रिकामी बसून कॅप्टनांकडे बघू लागले. डावीकडे ठेवलेला चहाचा पेला घेताना त्यांचा हात दोनदा चुकून पुढे गेला. डाव्या बाजूने एखादी मुलगी वही दाखवायला आली की ते दचकत. मग एक दिवस उंदराने स्पीकरची वायर कुरतडली आणि कोपायलटचा आवाज बंद पडला. ते तसेच उडवत राहिले. विमानाचा वेग उतरत होता. वेगाची तबकडी पडद्यावर डाव्या कोपऱ्यात होती आणि ते तिच्याकडे बघतच नव्हते. विमान दगडासारखं खाली आलं. म्हणजे इतके दिवस तो आवाज आकडा सांगत होता म्हणून भागत होतं. मी हळूच माझा हात त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूने नेला. पापणी हलली नाही.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. त्या रात्री झोप आली नाही आणि दुसऱ्या दिवशी टायपिंग शिकवताना एकाच मुलीला दोनदा तोच धडा दिला. सांगायचं म्हणजे जीप थांबवायची. जीप थांबली तर रानातल्या बायांनी जायचं कशात? आणि इतका मोठा माणूस, त्याला मी काय सांगणार! काकींना सांगावं असं तीनदा ठरवलं आणि तीनदा त्यांच्याकडून पोह्याची बशी घेऊन परत आले. असे वीस-एक दिवस गेले. संध्याकाळी जीपचा आवाज फाटकाशी आला की माझ्या जिवात जीव येई.

मग जगलबेटच्या पलीकडच्या एका वाडीतून अडलेल्या बाईचा निरोप आला. कॅप्टन गेले, तिला दवाखान्यात पोचवलं, मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. ते क्लासात आले तेव्हा मी बाहेर जाऊन जीप पाहिली. डाव्या बाजूचा आरसा तुटला होता, पत्रा दारापासून मागच्या चाकापर्यंत सोलून निघाला होता. दवाखान्यात जाताना त्या बाईची सासू आत डावीकडेच बसलेली होती.

"ट्रकवाला अंगावर आला," ते म्हणाले. हातात चहा, पाय चालते.

"सर, तुम्हाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

ते थांबले.

"काय?"

"दिसत नाही तुम्हाला. मी बघितलंय. तुम्ही जीप चालवू नका."

"तू मला शिकवणार? एका यादीचं पान न चुकता वाचाय येत न्हवतं तुला!" पेला त्यांनी इतक्या जोरात ठेवला की चहा टाइपरायटरवर सांडला. "घरला जा. जा म्हणतोय न्हवं?"

मी गेले. आमची वाडी रामनगरपासून दीड मैलावर. तीन दिवस मी घरीच राहिले, आणि तिन्ही दिवस रस्त्यावर कुठली गाडी वाजली की दाराशी जात होते. चौथ्या दिवशी दुपारी कॅप्टन आमच्या अंगणात आले, चालत. धोतर-कोट नीट, चपला धुळीने लाल. वडिलांनी खुर्ची दिली, ती त्यांनी नको म्हटली. पाणी प्यायले आणि उभ्या उभ्याच माझ्याशी बोलू लागले.

"पूर्वेला माझा एक क्याप्टन हुता. देवमाणूस. त्या दिवशी सकाळी थंडीत त्येला घाम फुटलेला. डावा खांदा चोळत हुता. मी बघितलं. म्हटलं, मी कोण बोलणार? दोन तास मी शेजारी बसून त्येचा घाम बघितला, टीचर. आकडे सांगत हुतो, वेग सांगत हुतो, समदं बरोबर सांगत हुतो. उतरताना त्यो दांडीवर पडला. मी ओढली, पण उशीर झालता. मागं माल उतरवणारा एक गडी हुता, त्यो बी गेला. मी वाचलो. पाठ तेवढी मोडली."

माझे वडील मान खाली घालून ऐकत होते.

"त्या चौकशीत मला इचारलं, तुला काय दिसलं हुतं का? मी न्हाई म्हटलं." ते अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. "किती दिवस गप्प हुतीस?"

"वीस-बावीस."

"लई झाले," ते म्हणाले. "पण बोललीस. उद्या बेळगावला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायाचं हाय. तू चल. डॉक्टर काय सांगतोय ते मला अर्धंच ऐकू येणार."

काचबिंदू निघाला. डावा डोळा गेलेलाच होता. उजवा थेंब घालून राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या बसमध्ये कॅप्टन खांब धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी पुतण्याला एसटीडी बूथवरून फोन केला, तेव्हा मी सोबत होते. पलीकडून त्याने कोपायलटच्या सीडीबद्दल विचारलं असावं. "आकडे बरोबर सांगतो रे," कॅप्टन म्हणाले. "एक बी चुकत न्हाई. पण शेजारच्या माणसाकडं बघत न्हाई त्यो. ह्ये जोडायचं राहिलंय, त्या खेळवाल्या कंपनीला कळीव." फोन ठेवला आणि बूथवाल्याने पुढे केलेल्या स्टुलाकडे न बघता बाहेर पडले.

जीप अंगणात चार दिवस उभी राहिली. पाचव्या दिवशी जोयड्याकडून निरोप आला. कॅप्टन उठले, दारापर्यंत गेले, तिथेच उभे राहिले. दुसरा ड्रायव्हर शोधून जीप निघेपर्यंत दोन तास गेले. पेशंट वाचला, पण कॅप्टनांचं तोंड बघवत नव्हतं. संध्याकाळी ते माझ्याकडे वळले. "टीचर, क्लच कुठं असतोय ठावं हाय?"

असं माझं शिक्षण सुरू झालं. ते डावीकडे बसायचे आणि कोपायलट म्हणून अगदीच वाईट होते. सतत ओरडायचे, "गिअर! गिअर! म्हस! म्हस दिसत न्हाई व्हय?" अर्धा डोळा असलेल्या माणसाला म्हैस माझ्या आधी दिसायची. बाजारात लोक थांबून बघायचे, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. वडील दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मग आमच्याच भावकीतली एक सून अडली आणि मी तिला दवाखान्यात नेलं. त्यानंतर ते फक्त "सावकाश जा" एवढं म्हणू लागले. ती जीप मी पुढे तिचा पत्रा गळून पडेपर्यंत चालवली.

तीन वर्षांनी उजव्या डोळ्यानेही दगा द्यायला सुरुवात केली. पुतण्या म्हणाला, बेंगळूरला या, इथे डॉक्टर आहेत. क्लास बंद झाला. बेंगळूरला कॅप्टन आणखी चार वर्षं राहिले. काकींच्या पत्रांत असायचं, गॅलरीत फेऱ्या मारतात, गॅलरी सात पावलांची आहे. शेवटचं पत्र पुतण्याचं आलं.

पण मला आठवतो तो लोंढ्याच्या स्टेशनातला निरोप. मीच त्यांना जीपने नेलं. सामान चढवलं, काकी आत बसल्या, कॅप्टन डब्याच्या दारात उभे. गाडी हलली. मी चालत चालत डब्याबरोबर जात होते, वाटलं आता तरी काही म्हणतील, इतक्या वर्षांचं काहीतरी.

"टीचर!" ते वाकून ओरडले. "मागचं डावं चाक बघ! नाक्यापासनं जीप डावीकडं बसालीया. तशीच पळवू नको!"

आणि डबा पुढे गेला.

मला इतका राग आला की रडूच थांबलं. जाताना हे बोलायचं होतं? बाहेर आले. चाक खरंच निम्मं बसलं होतं, खिळा घुसला होता. स्टेशनासमोर जॅक काढला, पदर खोचला. तीन-चार रिक्षावाले जमले. "कुणाला बोलवू काय, बाई?" एकाने विचारलं.

"नको. येतं मला."

चार बोल्ट सुटले, पाचवा गंजून बसला होता. पाना लावला, त्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि जीपचा टप धरून सगळा भार टाकून उभी राहिले. दूर पुलाच्या पलीकडे गाडीची शिट्टी झाली तेव्हा तो बोल्ट करकर वाजत फिरला.