हिला उचलताना

वजन मी आधी वाचलं होतं, हे अगोदरच सांगून टाकतो. डोळे मिटून खरेदी केली असं कोणी म्हणायला नको. वेबसाइटवर उंची होती, केसांचा रंग होता, डोळ्यांचा रंग होता आणि खाली एका कोपऱ्यात अडतीस असा आकडा होता. मी तो पाउंडात वाचला. निम्मं आयुष्य अमेरिकेत काढलेल्या माणसाला वजन म्हटलं की विमानतळावरची बॅग आठवते, आणि बॅगेला पन्नास पाउंड चालतात. पुण्याहून येताना यापेक्षा जास्त तर भाजणी आणि गोडा मसाला आणतो आपण, असा विचार करून मी बटण दाबलं. ते किलो होते.

मागवली होती ती बाहुली. लहान मुलांची नव्हे, मोठ्या माणसांची, बाईएवढी उंच, आत लोखंडी सांगाडा आणि वरून मऊ रबरासारखं अंग. अशा बाहुल्या लोक कशासाठी घेतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं. मीही त्याच कामासाठी घेतली नाही असं म्हणणार नाही. साठीकडे झुकलो म्हणून शरीर काही रिटायर होत नाही. पण खरं कारण गादी होती.

ही जाऊन तीन वर्षं होत आली होती. ही म्हणजे माझी बायको. आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. चारचौघांत 'ही' आणि हाक मारायची तर 'अगं', एवढ्यावर आमचा संसार झाला. ही गेल्यावर पलंगाची पलीकडची बाजू सपाट झाली. मी कूस बदलली की माझीच बाजू हलायची, पलीकडून काही उत्तर येत नसे. उशा रचून पाहिल्या, जड दुलई आणली, काही उपयोग नाही. गादी दबेल असं कोणीतरी मला शेजारी हवं होतं. देवाने ऐकलं. तो ऐकतो तेव्हा असंच ऐकतो.

खोकं आलं तेव्हा ट्रकवाल्याने ते ढकलत गॅरेजच्या तोंडाशी आणून सोडलं आणि सही घेऊन निघून गेला. समोरच्या घरातले काका नेमके फिरायला निघाले होते. ते नाशिकचे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, आणि अ‍ॅशबर्न गावातल्या आमच्या गल्लीत कोणाकडे काय येतं यावर त्यांचं बारीक लक्ष.

"ट्रेडमिल का?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"हो काका."

"छान केलंत. एकट्या माणसाने तब्येत सांभाळायलाच हवी." असं म्हणून त्यांनी मफलर सोडला आणि खोकं आत ढकलायला हात लावला. मी नको नको म्हणत होतो, ते ऐकतात कुठले! मधेच थांबून म्हणाले, "बरीच जड आहे हो. चांगल्या कंपनीची दिसते." त्यानंतर ते भेटले की माझ्या पोटाकडे बघायचे. एकदा तर म्हणालेच, "मशीन वापरता ना? की कपडे वाळत घालता तिच्यावर?"

आमची घरं उभी असतात. खाली गॅरेज, मधे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. घेतलं तेव्हा हिला ते जिने फार आवडले होते, नंतर त्याच जिन्यांनी आमचा जीव काढला. आता पुन्हा तेच जिने. बाहुलीचं डोकं वेगळ्या डब्यात आलं होतं, ते मी वॉशिंग मशीनवर ठेवलं आणि बाकीची एका ब्लँकेटमध्ये गुंडाळली. मी वरच्या पायरीवर बसायचो, तिच्या काखेत हात घालून तिला एक पायरी वर ओढायचो, मग स्वतः एक पायरी वर सरकायचो. मधल्या मजल्यावर पोचेपर्यंत शर्ट ओला झाला. तिला सोफ्याला टेकवून मी चहा केला. एकच कप केला, हे मुद्दाम सांगतो, कारण इतकाही वाहवलो नव्हतो.

उचलायचं कसं हे मला चांगलं ठाऊक होतं. शेवटचं दीड वर्ष ही अंथरुणावर होती आणि घरी येणाऱ्या नर्सने मला सगळं शिकवलं होतं. आधी बसवायचं, मग आपले गुडघे वाकवायचे, छातीशी घट्ट धरायचं, कमरेतून वळायचं नाही. अंगाखाली एक आडवी चादर असू द्यायची, म्हणजे सरकवताना ती ओढता येते. डोकं बसवल्यावर हे सगळं मी बाहुलीवर करून पाहिलं आणि काहीच जमेना. ती हातातून खाली घसरायची, मान मागे पडायची, पाय भलतीकडे वळायचे. मला कळेना, चुकतंय कुठे. शेवटी शेवटी हिचं वजनही जवळपास एवढंच उरलं होतं. आणि हिला तर मी दिवसातून कितीदा उचलायचो.

मग एका दुपारी कपाटापाशी तिला छातीशी धरून उभा असताना लक्षात आलं. हिला उचलताना मी म्हणायचो, गळ्यात हात घाल. आणि ही घालायची. त्या हातांत बळ काही नव्हतं, पेला धरवत नव्हता. पण मी वाकलो की मान पुढे यायची, श्वास धरला जायचा, पायाची बोटं जमिनीला चाचपायची. माणूस जिवंत असतं तोवर आपल्या वजनातला थोडा वाटा स्वतः उचलतं. मी मात्र ते दीड वर्ष समजत होतो की सगळं मीच उचलतोय. बाहुलीला खाली बसवलं आणि कपाटाला टेकून मी रडलो. ही गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो, कारण तेव्हा लोकांना फोन करायचे होते.

पुढचे महिने नुसत्या कष्टाचे गेले. लोकांना वाटतं बाहुली म्हणजे काही मागत नाही. फार मागते. एकाच अंगावर ठेवली तर त्या बाजूने चपटी होते, म्हणून कूस बदलायची. अंग चिकट होतं, म्हणून धुवायची, टिपायची, पावडर लावायची. हात वर करून ठेवले तर काखेत चिरा पडतात. मी पाठीला पावडर लावता लावता थांबायचो आणि स्वतःलाच विचारायचो, अरे, तू हेच करत नव्हतास का? एका शुश्रूषेतून सुटलो आणि पैसे मोजून दुसरी घरात आणली. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. एवढं करून ती बरी होणार नव्हती आणि आजारीही नव्हती.

न्हाणीपर्यंत न्यायला ऑफिसची खुर्ची वापरून पाहिली, तिची चाकं गालिच्यात रुतायची. हिची व्हीलचेअर खाली गॅरेजमध्ये घडी करून ठेवलेली होती. कितीतरी दिवस तिच्याकडे बघितलं नाही. मग पाठ फारच धरली तेव्हा वर आणली. बाहुलीला तीत बसवताना वाईट वाटलं, पण ढकलताना बरं वाटलं. दोन्ही खरं आहे.

माझं काम डेटा सेंटरमधलं. तिथे सर्व्हर उचलायला दोन माणसं लागतात, एकट्याने हात लावला तर सुपरवायझर ओरडतो. मी कमरेला पट्टा बांधून जायला लागलो तेव्हा तो म्हणाला, जड काम सध्या तू करू नकोस. मी मान डोलावली. इंटरनेटवर बाहुल्या बाळगणाऱ्यांचा एक गट आहे, तिथे विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, पहिल्यांदा सगळेच जड घेतात, आता विकून टाक, आतून पोकळ, निम्म्या वजनाची मिळते ती घे. सल्ला बरोबर होता. पण निम्म्या वजनाने गादी दबली नसती. संध्याकाळी दमून पलंगावर पडलो की मी तिच्या बाजूला थोडा घरंगळायचो, तेवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. पाठ जात होती आणि झोप येत होती.

भीती एकच होती, मुलीला कळायची. ती रिचमंडला असते, गाडीने दोन तासांवर. दर शनिवारी सकाळी फोन करते आणि महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जाते. ती यायची असली की मी बाहुलीला कपाटात बसवून वर हिवाळी कोट टांगायचो आणि दोन दिवस वाकायचं टाळायचो. बाकी जगाने हसावं, मला पर्वा नव्हती. पण आईच्या जागेवर बापाने रबराची बाई आणून झोपवली, हे लेकीने बघितलं तर ती या घरात परत पाऊल ठेवणार नाही अशी माझी खात्री होती. आणि ती सोडून मला कोण होतं?

बाहुलीला मी नाव दिलं नव्हतं. गटातले लोक देतात. मी मनातल्या मनात 'ती' म्हणायचो, म्हणजे अंतर राहतं. पण एकदा चादर बदलताना, कोणाशी बोलत नसताना, तोंडातून निघालं, हिला जरा पलीकडे घेऊ. माझे कान तापले. मग पुढच्या वेळीही तेच निघालं आणि त्यापुढे मी जिभेला अडवणं सोडलं. जीभही दमते.

फेब्रुवारीतला तो शनिवार होता. चादर बदलताना तिला सरकवायला मी पलंगावर एक गुडघा टेकवून वाकलो, आणि कमरेतून वळलो. वळायचं नाही हे माहीत असताना वळलो. कमरेत काहीतरी सटकलं आणि मी आडवा पडलो. बाहुली माझ्यावर अर्धी आली, तिचा हात माझ्या खांद्याखाली अडकला. पाय हलवायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात फोन वाजला. तो उशीपाशीच होता.

"बाबा? आवाज असा का येतोय? आर यू ओके?"

"पाठ गेली गं. उठता येत नाही."

"ओ गॉड. व्हॉट वेअर यू लिफ्टिंग?"

"हिला."

काय बोलून गेलो ते मला दुखण्यात कळलंच नाही, मी आपला पुढे बोलत राहिलो, "हिला पलीकडे सरकवत होतो. चादर बदलायची होती."

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली, "आई नाहीये. बाबा, आई इज गॉन. यू नो दॅट, राइट?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. या घरात 'ही' म्हणजे एकच बाई, हे त्या पोरीला पाळण्यापासून माहीत. बापाच्या डोक्यावर परिणाम झाला असं तिला वाटलं होतं.

"तसं नाही गं..."

"डोंट मूव्ह. मी येतेय. फोन ठेवू नकोस. आज वार कोणता?"

"शनिवार."

"माझा बर्थडे कधी असतो?"

मी सांगितला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ ती मला शाळेतल्या मुलासारखे प्रश्न विचारत राहिली. मी बरोबर उत्तरं देत राहिलो आणि तिचा आवाज जास्तच घाबरत गेला. खरं सांगून टाकावं असं अनेकदा ओठांवर आलं. वेडा ठरायचं की निर्लज्ज, एवढाच प्रश्न होता आणि मला निवडता येईना. मधे फोनची बॅटरी संपली.

मग मी बाहुलीला ढकलून पाहिलं. ती तसूभर हलली नाही. दुलई ओढली, ती बाहुलीच्या गळ्यापर्यंत आली. तोंडावरूनही ओढणार होतो, पण तसं पांघरूण कोणाच्या तोंडावर घालतात ते आठवलं आणि हात थांबला. दोघं तसेच पडून राहिलो. मी दमलो होतो, पाठीने नाही, लपवून लपवून दमलो होतो. येऊ दे, म्हटलं.

गॅरेजचं दार उघडलं. "बाबा! बाबा!" करत लेक धावत जिने चढून आली आणि खोलीच्या दारात थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारी पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे नजर लावली.

"ओह थँक गॉड," ती म्हणाली. दाराला धरून खाली बसली आणि हसत रडायला लागली. "थँक गॉड, बाबा. आय थॉट आय वॉज लूझिंग यू टू."

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि जवळ आली. "आईसारखी नाही दिसत."

"मुद्दामच नाही घेतली तशी."

"गुड," ती म्हणाली. मग बाह्या सारल्या. "हिला काढल्याशिवाय तुला उठवता येणार नाही. कुठे धरायचं, सांग."

मी पडल्या पडल्या सांगत गेलो. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. आधी जवळ ओढून घे. गुडघ्यातून उचल, कमरेतून नको. श्वास सोडत उचल. लेकीने सांगितलं तसं केलं. बाहुली माझ्या अंगावरून उठली, पलीकडे गेली आणि गादी तिकडे दबली. लेक पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत राहिली.

"शी इज सो हेवी. तू हे एकटा करतोस?"

"रोज नाही."

ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. मग ती मराठीत बोलली, एकही इंग्रजी शब्द न घालता, जे ती सहसा करत नाही.

"आईला तू मला एकदाही उचलू दिलं नाहीस, बाबा."

"मला वाटायचं, मला एकट्याला झेपेल."

"झेपलं?"

"नाही," मी म्हणालो.