समोरची सीट

धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच आटोपली होती. तुमसरच्या एसटीत मी सगळ्यांत पुढची सीट पकडली होती, आणि ती कुणालाही देणार नव्हतो. तेवढ्यात साठीची एक बाई चढली. पायांच्या नखांत अजून चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला, एसटीने हवं तिथे फिरायचा चार दिवसांचा पास.

"भाऊ, मले समोर बसू द्या."

मागे अर्धी गाडी रिकामी होती. मी तसं म्हणालोही.

"मागं नोको. पासचा आज आखरी दिवस हाय."

मी कुरकुरत सरकलो. कंडक्टर येताच तिने पास झेंड्यासारखा उंच धरला. रोजची तिकिटं काढली असती तर पवनीतच पैसे संपले असते, म्हणाली. पासवर पवनी झाली, गोसीखुर्दचं धरण झालं, आज आंबागडचा किल्ला. गाडी वळली की तीही वळायची. म्हैस आडवी आली की ड्रायव्हरच्या आधी हिचा पाय दाबला जायचा.

"पण समोरच कायले?" मी विचारलं.

ती खळखळून हसली. "चाळीस वर्सं रोवणी केली, भाऊ. वाकून मांगं मांगं सरका लागते. आता चार दिवस पुढं पुढं जाऊन राहिली, तं समोर काय येते ते पाहू द्या नं!"

त्या सीटवर मी शेकडो वेळा बसलो असेन. रस्ता मात्र त्या दिवशी पाहिला.

तुमसरला उतरून ती आंबागडच्या गाडीकडे अक्षरशः धावली. त्या गाडीच्या पुढच्या काचेतून मला दिसलं: एक गृहस्थ कुरकुरत सरकत होते.