धवलारीण आणि निळा डबा

लग्नघरात शिरली की धवलारीण आधी मेलेल्यांची चौकशी करायची. चहा पुढे आला तरी कपाला हात लावायची नाही. ओटीवर बैठक मारून घरातल्या थोरल्या बाईला विचारायची, "हां, सांग आता. तुमच्यातलं गेलंय कोन कोन?" नव्या सुनांना ते अभद्र वाटायचं. जुन्या बाया मात्र भराभर नावं सांगत आणि ती मान हलवत डोक्यात भरून घेई. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावांत भटजीच्या आधी तिला सांगून ठेवावं लागे. हळदीला ती धवले गायची, म्हणजे गावोगावच्या देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं मांडवात बोलवायची. तिनं बोलावलं की ते येतात, अशी सगळ्यांची खात्री होती. माझीही होती. म्हणून तर अजून डोकं तापतं.

मुंबईहून आलेली एक पाहुणी तिला म्हणाली, "आजी, गाणं छान म्हणता हो." धवलारीण तिच्याकडे बघून म्हणाली, "गाना तुझ्या मोबाईलात, बाय. ह्यो बोलावना हाय." पाहुणीनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

नाव गाळणं तिला ठाऊकच नव्हतं. एका घरानं जमीन विकून दारूत घालवलेल्या काकाचं नाव मुद्दाम सांगितलं नाही. हिनं ते शेजारणीकडून काढलं आणि भर मांडवात त्याला हाक घातली. थोरला भाऊ लाल होऊन उठला. धवले न थांबवता तिनं हातानंच त्याला बस म्हणून सांगितलं आणि कडवं संपल्यावर म्हणाली, "तुला नको तं तू भायेर जा. त्यो आलाय, त्याला बसू दे." भाऊ बसला. तिच्यापुढे सगळेच बसत.

मी सोडून. मी कोणापुढे बसत नाही. नवरा गेला तेव्हा मुलगी कडेवर होती. सासऱ्यानं, हिराजीनं, माझी ट्रंक स्वतःच्या हातानं रस्त्यावर आणून ठेवली. "पोरगी तं हाय, तिला कसला वाटा?" दोन्ही दीर बघत उभे राहिले. मी रोह्याला आले, लग्नांत भांडी घासली, मग भांडी भाड्यानं द्यायला लागले, मग खुर्च्या, मांडव, स्पीकर. आज नदीपलीकडच्या अष्टमीपासून निडी गावापर्यंत कुठेही लग्न निघालं तर सामान माझं असतं. कापडवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना मी हवं तिथे आणलं आहे. या बाईला नाही. एकदा तिच्या मानाची साडी जरा हलकी घेतली, तर तिनं घडी मोडून उजेडात धरली आणि परत माझ्या मांडीवर टाकली. "ही तूच नेस आन मना दाखव." दुसरी आणावी लागली.

तिचा आवाज बसायला लागला तेव्हा सगळ्यात आधी मी घाबरले. घशात गाठ निघाली होती, मुंबईला ऑपरेशन करायचं ठरत होतं. माझ्या सुप्रियाचं लग्न अजून व्हायचं होतं. जनार्दनला, माझ्या नवऱ्याला, पोरीच्या हळदीला कोण बोलावणार? भटजीला त्याचं गोत्र विचारावं लागतं, हिनं त्याला लहानपणी मांडीवर घेतलेलं. मी ठरवलं, हिचा आवाज भरून ठेवायचा. कार्ड घालून वाजवायचा, पट्ट्याला धरून न्यायचा एक निळा डबा आणला आणि मानाची साडी घेऊन तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"डब्यात कशाला भरतेस? बस आन शिक," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मला वेळ कुठाय? टेम्पो उभाय बाहेर."

"मंग सांग नावं."

"जनार्दन. बस."

"आन हिराजी?" सासरा तोवर मेला होता.

"तो नको. माझ्या पैशाच्या मांडवात तो नको."

"सगली येतील नायतर कोन नाय येनार, गो. भांडान जित्यांशी करायचा."

मी भांडले. ओरडले, रडले, पुन्हा ओरडले. पोर कोणाची, मांडव कोणाचा, डबा कोणाचा, सगळं ऐकवलं. ती घसा चोळत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरा. ठेव तुझा फोन. दार लाव आन भायेर बस. मोठ्यानं जमायचा नाय मना." मला वाटलं, जिंकले. मी फोनवर रेकॉर्डिंग लावून दिलं आणि ओटीवर जाऊन बसले. शेजारी भाताची गिरणी धडधडत होती, आतलं काही ऐकू येत नव्हतं. तीनदा तिनं दार उघडून "झाला" म्हटलं, पहिल्या दोन वेळा मी नवी फाईल लावून दिली, आणि जाताना पहिली जरा वाजवून बघितली. तिचा खोकला आला, "हां" म्हणालेली ऐकू आली. फोन पिशवीत टाकून निघाले. तांदळाच्या पोत्यात तळापर्यंत हात घालून बघणारी मी. त्या दिवशी नुसतं तोंड उघडून पाहिलं.

फोनात जागा नव्हती म्हणून घरी येऊन फाईली कार्डात हलवल्या आणि कार्ड डब्यात घातलं. डब्यावर एक आकडा यायचा आणि दुसऱ्यावर उडी मारायचा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर. आवाज नाही. कार्ड पुसलं, फुंकलं, त्याच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवलं. दुसरं कार्ड घातलं. फाईलींची मराठी नावं काढून इंग्रजीत घातली. डब्याला दोन थपडाही दिल्या. भजनं वाजत होती, पवाडे वाजत होते, हीच तेवढी वाजेना.

अष्टमीत पुलाजवळ मोबाईलवाला भाई आहे. कुवेतला कंपनीत होता, आता इथे दुकान आहे. त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि म्हणाला, "ताई, डब्याला शिव्या नका देऊ. तुमचा फोन वेगळ्या जातीची फाईल बनवतो. हा स्वस्तातला डबा, एमपीथ्रीशिवाय दुसरं खात नाय." त्यानं फाईली बदलून दिल्या. मी तिथेच कार्ड घातलं. या वेळी आकडा थांबला, सेकंद पळायला लागले. खोकला आला, "हां" आलं. आणि पुढे नुसती घरघर. तिन्हीत घरघर.

"भाई, तू वाट लावलीस फाईलींची! बदलताना आवाज खाल्लास तिचा!"

"मी कशाला खाऊ?"

"मग गेला कुठे? म्हातारी आता ऑपरेशनला गेली. पुन्हा कोण गाईल, तुझा बाप?"

दुकानातली माणसं आमच्याकडे बघायला लागली. भाईनं फाईल मोठ्या हेडफोनवर लावली, स्वतः थोडं ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं ते मला अजून दिसतं. "गुस्सा नंतर करा ताई. आधी कानाला लावा. फाईल एकदम साफ हाय. ही घरघर फाईलीची नाय, ही गिरणी हाय."

मी ऐकलं. गिरणी होती. मध्येच कावळा ओरडला. बांगड्या वाजल्या. पानाच्या डब्याचं झाकण उघडलं, सुपारी कातरल्याचा आवाज आला. ती आत बसून पान खात होती! तिन्ही फाईलींभर मजेत बसली होती, एक ओळ गायली नव्हती. शेवटच्या फाईलीत, अगदी संपताना, फोनजवळ तोंड आणून म्हणाली, "भरला काय गो तुझा डबा?"

ऑपरेशन होऊन ती गावी आल्याचं कळलं तशी मी गाडी पकडून पेणला आणि तिथून गावी गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. ती खाटेवर बसलेली, गळ्याला पट्टी. आवाज कायमचा गेला होता. पण मी थांबले नाही. फसवलंस म्हणाले, साडी घेऊन फसवलंस, नवऱ्याचं नाव घ्यायला तुझं काय जात होतं? तिनं सगळं ऐकून घेतलं. सुनेला खुणेनं चहा टाकायला सांगितलं. मग माझ्या गळ्यावर बोट टेकलं आणि चांगलं दाबलं. तू बोलाव, एवढाच त्याचा अर्थ. मला खोकला आला, तर ती आवाज न करता हसली. मी चहा न घेता उठले. पुढचा पाऊस तिनं पाहिला नाही.

सुप्रियाची हळद अष्टमीत झाली. खाडीकडच्या गावांतून दुसरी धवलारीण मिळाली नाही. बायका पाटाभोवती जमल्या आणि कुणीतरी म्हणालं, "मोबाईलवर लावा ना कायतरी." मी स्पीकरची वायर उपटली. मला सूर नाही. मला बाजारात मारतात ती हाक येते. तीच मारली, "जनार्दन! ये, पोरीची हळद हाय!" बायकांनी माना वळवल्या. आणखी एकदा मारली, मग माझ्या आईवडिलांना हाक मारली आणि थांबले.

हळदीनं माखलेल्या तोंडानं सुप्रिया हळूच म्हणाली, "आई, आजोबा?"

तिला ट्रंक आठवत नाही. तेव्हा ती बोलतही नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, त्या मेल्या धवलारणीला मनात दोन शिव्या घातल्या. मग दात आवळून हिराजीला हाक मारली. उशिरा आलेल्या टेम्पोवाल्याला मारते तशी मारली, तीही एकदाच. "आलास तर ये. बस. आणि जेवून जा."